मेट्रोचा कान

मेट्रो वासिलिशिनच्या दुकानाला पाटी नव्हती आणि त्याला ती नकोच होती. ज्याला माझं दुकान सापडत नाही त्याच्या हातात बंदूक तरी कशाला द्यायची, असं तो म्हणायचा. कॅनडातल्या उत्तर सॅस्कॅचवानमधलं मॅकरे क्रॉसिंग हे गाव तरी केवढं! पेट्रोलपंप, चर्च, दवाखाना, बंद पडलेली लाकडाची गिरणी आणि गिरणीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मेट्रो. वय एकाहत्तर, पंजे फावड्याएवढे, बोलणं कमी आणि तेही तिरकस. एकतीस वर्षं गिरणीत करवतीवर काढली, गिरणी बंद पडल्यावर बंदुका दुरुस्त करायला बसला आणि बघता बघता शंभर मैलांतले युक्रेनी शेतकरी आणि तिथले मूळ रहिवासी क्री शिकारी त्याच्याकडे येऊ लागले. मेट्रोच्या हातून गेलेली बंदूक दगा देत नाही, असं लोक म्हणत. हे कानावर आलं की तो नाक मुरडायचा आणि पुढचे दोन दिवस खुशीत असायचा.

दगा म्हणजे काय, हे तिकडच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबरात मूसची, म्हणजे तिकडच्या अजस्र हरणाची, शिकार सुरू होते. एक मूस मिळाला तर दोन घरांचा हिवाळा निघतो, नाही मिळाला तर दुकानातल्या मांसाचे भाव विचारत बसायचं. तीन दिवस थंडीत काढल्यावर तळ्याच्या काठाला तो घोड्याहून उंच प्राणी दिसावा आणि बंदुकीने नुसतं टक करावं, याहून मोठं दुःख त्या गावात माहीत नव्हतं. निदान त्या ऑक्टोबरपर्यंत तरी नव्हतं.

शहरातून आणलेल्या नव्या, चकचकीत सेमी-ऑटोमॅटिक रायफली मेट्रोकडे आल्या की तो गिऱ्हाइकावरच डाफरायचा.

"एवढं घट्ट कशाला बसवलंय रे हे? आत केस जायला जागा नाही! उणे तीसमध्ये तेलाचं मेण होतं. ते मेण मग जाणार कुठे? तुझ्या डोक्यात?"

त्याचा जीव होता तो रशियनवर. तिकडे सगळे तिला नुसतं 'रशियन' म्हणत. ही जुनी लष्करी सेमी-ऑटोमॅटिक. हजारोंनी घडवलेली, पेट्यांत भरून वर्षानुवर्षं कोठारात पडलेली, मग जहाजाने कॅनडात आलेली. स्वस्त, जड, दिसायला ओबडधोबड. दर गोळीला ट्रिगर दाबावा लागतो, पण पुढचं काडतूस ती आपलं आपण भरते. गोळीमागचा वायू बोल्टला, म्हणजे नळीचं तोंड मागून बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला, मागे रेटतो, स्प्रिंग त्याला पुढे आणते आणि येताना तो नवं काडतूस नळीत सारतो. तिचे सगळे भाग एकमेकांत सैल बसतात. बर्फ गेला, वाळू गेली, पाइनच्या सुया गेल्या, तरी ती चालतेच. मेट्रो म्हणायचा, ही शेतकऱ्याची बायको आहे, हिला आजारी पडायला वेळ नाही.

पण तिच्यात एक खोट होती, आणि ती तिच्या गुणातूनच आलेली होती. बोल्टच्या पोटात एक बारीक पिन असते. ट्रिगर दाबला की हातोडी पिनेवर बसते, पिन काडतुसाच्या बुडाला टोचते आणि बार होतो. बऱ्याच बंदुकांत ही पिन एका लहानशा स्प्रिंगने मागे धरलेली असते. रशियनमध्ये ती स्प्रिंग नाही. पिन मोकळी, बोल्टच्या पोटात पुढेमागे डुलणारी. लष्करी काडतुसांचं बूड कडक असतं, तिथे ते खपून गेलं.

"घडवणाऱ्याचं म्हणणं असं, की जो भाग नाही तो मोडत नाही," मेट्रो सांगायचा. "खरं आहे. पण जो भाग नाही तो धरूनही ठेवत नाही."

या बंदुका पेटीत घालताना गंजू नयेत म्हणून काळ्या, चिकट ग्रीसमध्ये बुडवलेल्या असत. ते ग्रीस बोल्टच्या पोटात शिरून वाळलं की पिनेला धरून ठेवतं. आणि पिन पुढे आलेली असतानाच धरली, तर तिचं टोक बोल्टच्या तोंडाबाहेर राहतं. मग बोल्ट पुढे येऊन काडतुसावर आदळला की ट्रिगरला हात न लावता बार होतो. त्या बाराने बोल्ट मागे जातो, पुढे येतो, पुन्हा बार. आतली काडतुसं संपेपर्यंत ती थांबत नाही. न वाजणारी बंदूक माणसाला उपाशी ठेवते, पण न विचारता वाजणारी माणूस खाते, हे मेट्रो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचा.

म्हणून रशियन आली की तो बोल्ट सोडवायचा, त्यातला आडवा खिळा ठोकून काढायचा, पिन बाहेर घ्यायचा, सगळं धुवायचा, पुसायचा, कोरडं बसवायचा. शेवटी बोल्ट कानाशी धरून हलवायचा. टिक-टिक, टिक-टिक. आत पिन मोकळी असली की बाळाच्या खुळखुळ्यासारखी वाजते. ती वाजली की बंदूक पास. गिऱ्हाईकही तो आवाज ऐकायला थांबायचं. त्याशिवाय काम झाल्यासारखं कुणाला वाटायचं नाही.

गेली दोन वर्षं मेट्रोची बोटं आखडत चालली होती. तो आडवा खिळा तांदळाच्या दाण्याएवढा, आणि हंगामाच्या तोंडावर रशियन रांगेने उभ्या. मग त्याने एक सवलत स्वतःला दिली. बोल्ट न उघडता रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, सकाळी हलवून बघायचा. वाजला तर ठीक, नाही वाजला तर उघडायचा. वाईट पद्धत नव्हती. कान शाबूत असलेल्या माणसाला ती चालली असती.

करवतीने त्याचे कान कधीच खाल्ले होते. बारीक आवाज तर मुळीच उरले नव्हते: किटलीची शिटी, चिमण्या, नातीचं फोनवरचं बोलणं. बायकोने, नेटीने, दोनदा तपासणीची वेळ घेतली. दोन्ही वेळा तो मासे धरायला निघून गेला. "तू पुटपुटतेस," हे त्याचं ठरलेलं उत्तर. बंदुकवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक येईल का? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मेट्रोने ती मूठ स्वतःपासूनही झाकून ठेवली होती, आणि मला विचाराल तर त्याचा गुन्हा तो हाच.

बुधवारी दुपारी आल्फॉन्स मेरास्टी आपली रशियन न्यायला आला. मेट्रो त्याला लहानपणापासून ओळखत होता. त्याच्या बापाबरोबर शिकारीला गेलेला. आल्फॉन्सबरोबर त्याची थोरली बहीण फिलोमीन होती. शाळेतल्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली, दणकट, आणि जिभेला हाड नसलेली. भाऊ शिकारीला निघाला की तळ ती सांभाळायची.

"झाली का रे तुझी म्हातारी बरी?" फिलोमीनने दारातूनच विचारलं.

"नेटी? नेटीला काय झालंय?"

"बंदूक रे, बंदूक! बघितलंस आल्फॉन्स? मूशुमचा कान गेलाय." क्री भाषेत मूशुम म्हणजे आजोबा. ती त्याच्याहून अवघी पाच वर्षांनी लहान होती, म्हणून तर त्या हाकेत मजा होती.

"तुझं तोंड जाईल तेव्हा माझा कान परत येईल," मेट्रो म्हणाला.

आल्फॉन्स हसला. "दे रे वाजवून. उद्या पहाटे बीव्हरटेल लेकला निघायचंय."

मेट्रोने बोल्ट कानाशी धरला आणि हलवला. टिक-टिक. त्याने मान डोलावली. तेवढ्यात गल्लीतून लाकडाने भरलेला ट्रक खडखडत गेला, त्यामुळे बाकी दोघांना काही ऐकू आलं नाही. पण मेट्रोला आलं म्हटल्यावर त्यांना काय हवं होतं? मग तिघं शेडमागच्या, बंदुका झाडून बघायच्या खड्ड्याशी गेले. आल्फॉन्सने मातीच्या बांधावर दहा गोळ्या झाडल्या. शेगडीजवळून उचललेली उबदार बंदूक, वर कोवळं ऊन. बोट वाकवलं की एक बार, एकही कमी नाही, जास्त नाही.

"लोण्यासारखी चालते," आल्फॉन्स म्हणाला. जाताना फिलोमीनने नेटीसाठी सुकवलेल्या मांसाचं पुडकं ठेवलं आणि मेट्रोच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडली, "येते रे मूशुम!"

त्या रात्री हंगामातली पहिली खरी थंडी पडली. सकाळी खिडकीबाहेरचा पारा उणे एकोणीसवर होता. मेट्रोने शेगडी पेटवली आणि कामाला बसला. बाकावर एका शेतकऱ्याची रशियन होती. त्याने बोल्ट उचलला, सवयीने कानाशी नेला, हलवला. टिक-टिक. छान. बोल्ट खाली ठेवला, फडक्याला हात पुसले, आणि हाताकडे बघतच राहिला. बोटांना काळं ग्रीस लागलं होतं.

ही बंदूक अजून धुतलीच नव्हती. काल संध्याकाळी आली होती, पेटीतून निघाली तशी. बोल्टचं पोट डांबर भरावं तसं गच्च होतं. त्यात काही वाजणं शक्यच नव्हतं.

त्याने पुन्हा हलवला. पुन्हा ऐकू आलं, स्पष्ट.

नेटी कॉफी घेऊन आली तेव्हा तो बोल्ट हातात धरून उभा होता.

"हे हलव. वाजतंय का सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"हलव म्हणतो ना!"

तिने कप ठेवला, बोल्ट कानाशी धरला, हलवला. पुन्हा हलवला. "नाही बाई. काही वाजत नाही."

"नीट ऐक."

"मेट्रो, माझे कान ठीक आहेत," ती म्हणाली.

मेट्रो स्टुलावर बसला. वीस वर्षं ऐकलेला आवाज डोक्यात इतका मुरला होता की हात हलला की तो आपोआप उमटायचा. कान ऐकत नव्हता, आठवण ऐकत होती. मग काल आल्फॉन्सच्या बोल्टमधून काय ऐकलं? तो तर त्याने उघडलाच नव्हता, नुसता बुडवला होता. खड्ड्याशी चालली, कारण ऊब होती आणि उरलंसुरलं ग्रीस मऊ होतं. काल रात्रभर ती बंदूक बाहेर ट्रकमध्ये, उणे एकोणीसमध्ये पडून असणार. आल्फॉन्स ती आत घेणार नाही. थंडीतून उबेत आणली की बंदुकीला घाम फुटतो, म्हणून तिकडे शिकारीत बंदूक बाहेरच ठेवतात. हे त्यांना मेट्रोनेच शिकवलं होतं.

"कोट घाल," तो नेटीला म्हणाला. "आल्फॉन्सला गाठायचंय."

"फोन कर ना."

"बीव्हरटेल लेकवर कुठला फोन! आणि मला तू बरोबर हवी आहेस." ट्रकची किल्ली घेत तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही, नेटी."

बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकायला ती किती थांबली होती! पण आता तिला त्याचा आनंद झाला नाही. तिने कोट चढवला.

पस्तीस मैल खडीचा रस्ता, मग सात मैल जंगलातली वाट. मेट्रोने ट्रक आयुष्यात कधी नव्हे इतका पिटाळला. दुतर्फा स्प्रूसची काळी झाडं, वर पांढरं आभाळ, रस्त्यावरच्या बर्फात एकाच गाडीच्या चाकांची खूण पुढे गेलेली. ती आल्फॉन्सचीच. नेटीने काच खाली केली होती. गार वाऱ्याने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती डोकं बाहेर काढून ऐकत होती. मेट्रो दर मैलाला विचारायचा, "काही?" ती मान हलवायची. नाही. त्याला वाटे, अजून वेळ आहे. मूस दिसेपर्यंत बंदूक भरत नाहीत, आल्फॉन्स तर मुळीच नाही, तो जपून वागणारा माणूस. मूस दिसू नये, अशी प्रार्थना मेट्रोने जन्मात पहिल्यांदा केली.

तळं झाडांमधून चमकू लागलं तेव्हा नेटी ताठ झाली. मेट्रोने फक्त तिचा चेहरा बघितला.

"किती?" त्याने विचारलं.

"किती ते कळलंच नाही. कापड फाडल्यासारखं झालं. आणि मग कुणीतरी किंचाळलं."

पाण्याच्या काठाला फिलोमीन बर्फात पडली होती. आल्फॉन्स तिच्या मांडीवर आपला पट्टा आवळत होता, आणि बर्फ लाल होत होता. बंदूक लांब झुडपात भिरकावलेली. काय घडलं ते मेट्रोला कुणी सांगायची गरज नव्हती. पलीकडच्या काठाला मूस आला, आल्फॉन्सने बंदूक भरली, नळी खाली धरून बोल्ट सोडला. पहिली गोळी जमिनीत गेली. बाकीच्या धक्क्यांनी नळी वर आणि बाजूला उडाली. बाजूला फिलोमीन होडीची दोरी सोडत होती.

तिघांनी मिळून तिला ट्रकमध्ये घातलं. ती शुद्धीवर होती. मेट्रोकडे बघून काहीतरी म्हणाली, आणि त्याला ते कळलं नाही; पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही. आल्फॉन्स तिला धरून मागे बसला. मेट्रोने बंदूक उचलली. आत काडतूस उरलं नव्हतं. त्याने अंगठ्याने पिन मागे ढकलून बघितली. हलेना. टोक बाहेर आलेलं, खिळ्यासारखं घट्ट.

बंदूक त्याच्या पायाशी होती, हीटरच्या झोतात. तास-दीड तास ती तिथेच पडून होती.

दवाखान्यात नर्सनी फिलोमीनला आत नेलं. शहरातून विमान बोलावलं होतं. जीव वाचेल, पायाचं आत्ता सांगता येत नाही, असं नर्स म्हणाली. नेटीने ते मेट्रोला कानाशी मोठ्याने सांगितलं. गोळीची जखम म्हटल्यावर पोलीस येणारच. आला तो तरुण होता, गावात नवा. त्याने बंदूक मागून घेतली, बोल्ट मागे ओढला, सोडला, पुन्हा ओढला, पिनेचं नळीकडचं टोक दाबून बघितलं. त्याला बऱ्यापैकी कळत होतं. बोल्ट काढून त्याने हलवला, आणि नेटीने झटकन मान वळवली. मेट्रोने ओळखलं. वाजला होता. हीटरने ग्रीस वितळलं, पिन मोकळी झाली. आता त्या बंदुकीत काहीही वाईट नव्हतं, आणि तिची अडकलेली पिन जगात एकट्या मेट्रोने बघितली होती.

पोलीस आल्फॉन्सकडे वळला. आल्फॉन्स भिंतीला टेकून उभा होता, बाह्या कोपरापर्यंत रक्ताने भरलेल्या. तो हळू बोलत होता, जमिनीकडे बघत. मेट्रोला एक अक्षर पोचलं नाही. पण बोलता बोलता आल्फॉन्सने उजवा हात वर केला, पहिलं बोट ताठ केलं, आणि वाकवलं. पुन्हा वाकवलं. मग त्याच बोटाकडे असा बघत राहिला, जणू ते तोडून टाकणार होता. पोलीस वहीत लिहीत होता.

"काय म्हणतोय तो?" मेट्रोने नेटीला विचारलं.

नेटीने पोलिसाकडे बघितलं. मग नवऱ्याच्या हातांकडे बघितलं. तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल: दुकान, कोर्ट, गाव, एकाहत्तर वर्षांचा म्हातारा. तिला नावं ठेवायची मला इच्छा नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "अपघात झाला म्हणतोय."

"बोट कशाला दाखवतोय?"

"मला नाही ऐकू आलं नीट."

नेटीला ऐकू आलं नाही! मेट्रोला रडू फुटलं. आल्फॉन्सला वाटत होतं, मेट्रोने तपासलेली बंदूक दगा देणार नाही, म्हणजे धांदलीत ट्रिगर दाबत राहिलेल्या आपल्याच बोटाने तो दिला. बहिणीवर आपणच गोळी झाडली, हे ओझं तो मरेपर्यंत वाहणार होता, तक्रारीचा एक शब्द न काढता. आता मेट्रोने नुसता कानाडोळा केला असता तरी भागलं असतं. इतकी वर्षं तेच तर केलं होतं.

तो उठला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा मोठा आहे हे कळत नाही, त्यामुळे तो बोलला ते सगळ्या दवाखान्याने ऐकलं, आतल्या खाटेवर फिलोमीननेही ऐकलं असेल.

"त्याचं बोट नव्हतं ते! माझा कान होता. मी बोल्ट उघडलाच नाही. वाजला म्हणून सांगितलं, आणि मला काही ऐकूच येत नाही!"

आल्फॉन्सने मान वर केली. त्याचं बोट अजून अर्धवट वाकलेलंच होतं. पोलिसाने वहीचं पान उलटलं आणि मेट्रोकडे बघून काहीतरी विचारलं. मेट्रो त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

"नाव विचारतोय तुझं," नेटी म्हणाली.